पहिल्या खुर्चीतला होकार

सुखदेवची मला फारशी माहिती नाही. नऊ वर्षं तो रोज दिसायचा. वाशीमकडचा होता, बायकोसह पंपाच्या खोलीत राहायचा, एवढंच. गाव कोणतं हे कधी विचारलं नाही, आडनावही नाही.

आमच्या धायरीच्या सोसायटीत तो पाणी सोडायचा. चार इमारती, चार व्हॉल्व्ह. वरची टाकी भरत आली की पाइपचा आवाज बदलतो म्हणे. तो पाइपला कान लावून ऐकायचा. सकाळी फिरून आलो की मी त्याच्याजवळ पाच मिनिटं थांबायचो.

२००५च्या वार्षिक सभेत सेक्रेटरी अभिनवने विषय मांडला. पंपाला ऑटोमॅटिक यंत्रणा बसवायची, म्हणजे माणूस लागणार नाही, खोलीही मोकळी होईल. अभिनव हिंजवडीला कंपनीत होता. सभेतले निम्मे लोक तसेच.

आमच्याकडे हात वर करायची पद्धत नव्हती. पहिल्या खुर्चीत सगळ्यांत वयस्कर, म्हणजे मी. तिथून एकेकानं मत सांगायचं. मला म्हणायचं होतं, सुखदेवला राहू द्या. पण वाटलं, या मुलांचं ठरलेलंच असणार. म्हातारा यंत्राला घाबरतो म्हणतील.

"चालेल," मी म्हणालो.

शेजारचे हिंमतराव म्हणाले, "चालेल." मग त्यांच्या पलीकडचे. अडतीस जणांचं दहा मिनिटांत आटोपलं.

जिन्यात वरच्या मजल्यावरची उत्कर्षा भेटली. "काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हं."

"अगं, तूही चालेलच म्हणालीस."

"तुम्ही म्हणालात म्हणून! त्याच्याशी रोज बोलणारे तुम्ही एकटे. वाटलं, त्याचं दुसरीकडे जमलं असेल, तुम्हाला ठाऊक असेल."

हिंमतरावांनाही तसंच वाटलं होतं. अभिनव तर म्हणाला, "काका, मी नुसता विषय ठेवला होता. कोणीतरी नाही म्हणेल असं वाटलं होतं."

पुन्हा सभा घ्या, एवढं मला तेव्हा म्हणता आलं असतं. तेही म्हटलं नाही. इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' असं आहे, त्याखाली पहिली सही माझी.

महिनाअखेरीस टेम्पो आला. सुखदेवची बायको चंपा गाद्या चढवत होती. माफी मागायची असं ठरवून मी खाली उतरलो. सुखदेव पाइपला कान लावून उभा होता.

"काकाजी, आज पाणी लवकर जाईन. बादल्या भरून ठेवजा."

"ठेवतो," मी म्हणालो.