एकतिसाव्या घराची बाग

तीन फेब्रुवारीला मीटरकाकांनी चारशे पंचेचाळीस रुपये देऊन तीस मीटरची मोजपट्टी विकत आणली आणि घरात वादाला तोंड फुटलं.

"निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात," काकू म्हणाल्या. "तुम्ही लोकांच्या बागा मोजत हिंडा. पगार किती देणार आहेत?"

"पगार कसला? सेवा आहे ही."

"असं होय. मग आपला पंखा पुसायची सेवा दिवाणखान्यात कधीची लटकून आहे."

काकांनी मुकाट्याने स्टूल घेतलं आणि पंखा पुसला. मोजपट्टी मात्र परत केली नाही.

कारखान्याच्या जुन्या वसाहतीत बेचाळीस घरं होती. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि घरं एकेक करून विकली जात होती. प्रत्येक घरामागे एक बाग, सगळ्यांची आखणी एकसारखी. मधोमध दगडी कडेचा गोल वाफा, त्याभोवती फरसबंद वाट, कोपऱ्यात पाण्याची टाकी. त्या साच्यात प्रत्येकाने आपापला जीव ओतला होता. या बागा पुसल्या जाण्याआधी त्यांची नोंद करावी म्हणून कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी पाच-सहा माणसं जमवली. बेचाळीस घरांची पूर्ण नोंद मार्चअखेर नगरपालिकेत पोहोचली, तर वसाहत जपण्याच्या यादीत जाण्याची शक्यता होती.

अडचण एकच होती. दारात उभं कुणी करत नव्हतं. वही-पेन्सिल घेतलेला माणूस दिसला की लोकांना घरपट्टी आठवायची. तेव्हा कुणीतरी मीटरकाकांचं नाव सुचवलं.

काकांनी सव्वीस वर्षं त्या वसाहतीत विजेचे मीटर वाचले होते. कारखान्याने मीटर बसवले ते परसातल्या मागच्या भिंतीवर, त्यामुळे मीटरची वाट बागेतूनच जायची. काका कधी घंटी वाजवत नसत. फाटकाशी "मीटर!" अशी हाक द्यायची आणि सरळ आत शिरायचं. कुत्रीसुद्धा भुंकायचं सोडून शेपटी हलवत मीटरपर्यंत पोचवायला यायची. कोणाचा मोगरा कधी फुलतो, कोणाची सून येऊन कर्दळ गेली आणि गुलाब आले, हे काकांना रीडिंगइतकंच तोंडपाठ असे.

सवय वाईट म्हणतात ते खोटं नाही. पहिले चार नकाशे काकांनी मीटर वरच्या बाजूला धरून काढले. बाईंनी विचारलं, "काका, उत्तर कुठे आहे?" तर म्हणाले, "मीटरच्या डाव्या हाताला." बाई हसून हसून बेजार झाल्या. पण हाक तीच चालली. "मीटर!" म्हटलं की आतून कुणीतरी म्हातारं माणूस "अरे, तुम्ही अजून आहात?" म्हणत बाहेर यायचं आणि फाटक उघडायचं. दीड महिन्यात काकांच्या हातून तीस घरं झाली, अकरा इतरांनी केली.

राहिलं होतं एकतिसावं घर. कंपाउंडरांचं.

कंपाउंडर दवाखान्यात औषधाच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवत, कडेला खाचा पाडलेली, एक खाच म्हणजे एक डोस. तशाच पट्ट्या ते झारीलाही चिकटवत. अनंताला दोन खाचा पाणी, लिंबाला पूर्ण झारी, गुलाबाला सकाळी एक आणि संध्याकाळी एक. कोणी हसलं की म्हणत, "पेशंट बोलत नाही म्हणून डोस चुकवायचा का?"

काकांना पाहिलं की त्यांची सुरुवात ठरलेली. "या, रीडिंगवाले! किती खाल्लं आमच्या मीटरनं?"

"तुमच्यापेक्षा कमीच."

"मग लिंबू घेऊन जा. बिल थोडं हलक्या हातानं लिहा."

"लिंबू घेतो. बिल मात्र काट्यावर आहे तेवढंच."

यातला शेवटचा शब्द खरा होता. काकांनी नोकरीत एकही आकडा मनाने लिहिला नाही. घर बंद असलं की नियमाप्रमाणे 'दार बंद, सरासरी' असा शेरा मारायचा, एवढंच. लिंबाखाली दगडावर बसून दोघं पाणी पीत, कंपाउंडर कुठल्या रोपट्याची तब्येत सुधारली ते सांगत, आणि काका पुढच्या घरी उशिरा पोचत. काका निवृत्त झाले त्यानंतर दोन वर्षांनी कंपाउंडर गेले. मुलाने घर विकलं. काका त्या गल्लीत पुन्हा फिरकले नाहीत.

आता जायचं होतं. एका सकाळी मोजपट्टी घेऊन निघाले, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आले, आणि पाय पुढे पडेना. कोपऱ्यावरून फाटकाची कड दिसत होती. रंग वेगळा होता. काका वळले, घरी आले, काकूंना म्हणाले, "गुडघा दुखतोय." मग टेबलाशी बसून त्यांनी एकतिसावं पान भरलं. मधला गोल वाफा, त्यात गुलाब. टाकीपाशी अनंत. मीटरखाली कर्दळ. भिंतीलगत लिंबू, बहरलेला. अक्षर इतकं सुरेख आलं की त्यांनाच बरं वाटलं. खाली शेरा मारला, 'दार बंद'.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी बाई फोटो काढायला गेल्या आणि तिथून थेट काकांच्या घरी आल्या. चपला काढतानाच त्यांचा चेहरा सांगत होता.

"काका, एकतीस नंबरला तुम्ही गेला होतात?"

"दार बंद होतं."

"मग हे पान?"

"दार बंद असलं की सरासरी लावतात. मागच्या रीडिंगवरून."

"विजेची लावतात हो. लिंबाची कशी लावणार? तिथे एक गवताची काडी नाही. कुरिअरवाल्यांचं गोदाम आहे."

काकू चहाचे कप घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "दार कुठलं बंद असणार? हे गेलेच नाहीत. कोपऱ्यावरून परत आले आणि मला गुडघा दाखवला. बेचाळीस वर्षं ओळखते मी त्या गुडघ्याला."

"अगं, तू जरा..."

"जरा काय? बाहेरच्यांसमोर खोटं लिहायचं आणि घरच्यांसमोर लंगडायचं!"

बाईंनी काकूंच्या हातातला कप घेऊन खाली ठेवला. "काका, सोमवारी कागद द्यायचे आहेत. नगरपालिकेतला एक माणूस जरी तिथे जाऊन आला, तर ते म्हणतील, एक पान खोटं म्हणजे सगळीच खोटी. मला तुमची तीसही पानं काढून टाकावी लागतील. आणि बेचाळिसांतली तीस गेली तर उरलं काय?"

काकांनी ते पान जवळ ओढलं. म्हणाले, "होतं ते लिहायला जागाच नाही का?"

"आहे की. पानाच्या मागे 'पूर्वी असलेले' म्हणून रकाना आहे. हवं तेवढं लिहा. पण आधी पुढची बाजू. आहे ते."

रविवारी काका गेले. कोपऱ्यावर थांबले नाहीत, थांबलो तर संपलं हे त्यांना ठाऊक होतं. फाटकापाशी येताच तोंडातून आपोआप हाक गेली, "मीटर!"

खुर्चीवर बसलेला वॉचमन दचकला. "मीटर इथंच आहे की, तुमच्या डोक्याशी. आत काय काम?"

काकांनी पाहिलं. फाटकाच्या खांबावर नवा मीटर होता, काट्यांचा नव्हे, आकड्यांचा. आत जायला कारणच उरलं नव्हतं.

"बाग लिहायची आहे," काका म्हणाले.

"कुठली बाग?"

"नाही म्हणून लिहायची आहे."

वॉचमनला काय वाटलं कोण जाणे, पण रविवारची गोदामाला सुट्टी होती आणि त्याला बोलायला कुणी नव्हतं. त्याने पट्टीचं दुसरं टोक धरलं. परसभर करड्या फरशा होत्या. टाकीच्या जागी स्कूटर उभ्या करायचा पत्र्याचा आडोसा. लिंबाच्या जागी काहीच नाही, खोडसुद्धा नाही. भिंतीवर जुन्या मीटरचा चौकोन तेवढा फिका दिसत होता. काका लिहीत होते. झाडे: नाहीत. जमीन: फरशी.

"इथे पाय जपून," वॉचमन म्हणाला. "इथली फरशी बसलेली आहे. तीनदा बदलली मालकानं. पुन्हा बसते. पाऊस झाला की पाणी साचतं, तेही गोल. ताटात ओतल्यासारखं. गवंडी म्हणतो खाली भुसभुशीत आहे."

काका वाकले. परसाच्या मधोमध फरशा खरंच खाली गेल्या होत्या, बरोबर वर्तुळात. वर्षानुवर्षं खत खाल्लेली, झारीने मोजून पाणी प्यायलेली माती वरचं ओझं घ्यायला तयार नव्हती. काकांनी पट्टी आडवी धरली, मग उभी धरली. दोन्ही मापं सारखी आली. पान पुढे ओढून त्यांनी लिहिलं, 'मध्यभागी गोल खळगा, जुन्या वाफ्याचा.' हे पुढच्या बाजूला बसत होतं. हे आजही होतं.

मग त्याच फरशीवर बसून त्यांनी पान उलटलं. गुलाब, अनंत, कर्दळ, लिंबू, झारीवरच्या खाचा, पाणी प्यायचा दगड. रकाना भरला, तेव्हा समासात लिहिलं. डोळे पुसायला रुमाल काढला तर वॉचमन म्हणाला, "काका, पार्सलांची धूळ फार आहे इथं," आणि समोरच्या टपरीवरून दोन चहा घेऊन आला.

सोमवारी बाईंनी बेचाळीस पानं दिली. एकतिसावं त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचलं आणि गठ्ठ्यात जागच्या जागी ठेवलं. शेऱ्यातलं 'दार बंद' गेलं होतं, त्या जागी 'समक्ष पाहिले' होतं. यादीचा निर्णय अजून व्हायचा आहे.

रविवारच्या चहाचे पैसे वॉचमननेच दिले होते, कारण काकांकडे पाचशेची नोट होती आणि टपरीवाल्याकडे सुटे नव्हते. पुढच्या रविवारी काका सुटे घेऊन गेले, तर खुर्चीवर दुसराच वॉचमन होता. पहिल्याला कुठे पाठवलं ते त्याला माहीत नव्हतं. वीस रुपये द्यायचे राहिले आहेत.