मामंजींच्या गोळ्या

माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, उजव्या हाताचा अंगठा बोटांवर सतत फिरवत असत. त्यांना कंपवात होता. डोंबिवलीत नवा आलेला माणूस, हे तंबाखू मळताहेत असं समजून हात पुढे करी. "मळून होऊ दे, मग देतो," मामंजी म्हणत. बिचारा वाट पाहत बसे.

पन्नास सालानंतरची गोष्ट. ठाण्याचे एक डॉक्टर जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन आले. कंपवाताच्या रोग्याच्या अंगी ही गोळी लागते की नुसतीच पोटातून निघून जाते, हे त्यांना पाहायचं होतं. अंगी लागली की तिचा जादा भाग लघवीत उतरतो, म्हणून दिवसभराची लघवी बाटलीत साठवायची. तुलनेसाठी घरातलं एक निरोगी माणूसही हवं होतं.

"हिला घ्या," मामंजी म्हणाले. "लग्न झाल्यापासून माझी तुलनाच करते आहे."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, पण नाही म्हणाल्या नाहीत. माझे यजमान कचेरीला जाताना दोन्ही बाटल्या ठाण्याला पोचवत. "जपून ने रे," मामंजी बजावत, "वडिलोपार्जित आहे."

थोड्याच दिवसांत डॉक्टर चक्रावून घरी आले. मामंजींच्या लघवीत औषध दुप्पट, आणि सासूबाईंच्या लघवीत त्याचा पत्ताच नाही.

"बाई, गोळ्या घेता ना?"

"कुटून यांच्या आमटीत घालते," सासूबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "मला कशाला ताकद? हात यांचे थरथरतात."

डॉक्टर चिडले; सगळी मेहनत वाया गेली होती. दुसऱ्या दिवसापासून मामंजी स्वतः सासूबाईंना गोळी देऊ लागले. भांड्यातलं निम्मं पाणी त्यांच्या लुगड्यावर सांडे. त्या तशाच उभ्या राहून गोळी गिळत.

अखेर निकाल लागला. "गोळी तुमच्या अंगी लागते, निरोगी माणसाइतकीच," डॉक्टर म्हणाले. "पण तिनं कंप थांबेल, असं मला म्हणवत नाही."

"मग पुढच्या घरी हे आधीच सांगा," मामंजी म्हणाले. "बायका उगीच आशेवर राहतात. आणि आमटी कडू होते."

मामंजी गेल्यावर डॉक्टर भेटायला आले. सासूबाईंनी त्यांना विचारलं, "आता त्या गोळ्या कुणाला देता?"

"कोपरीतल्या एका बाईंना. त्यांनाही कंपवातच आहे."

"त्यांच्या नवऱ्याला तुमच्यासमोर गोळी गिळायला लावा," सासूबाई म्हणाल्या.