पाटाची पायरी

आमचा जिना घरातूनच वर जातो. लोखंडी सांगाडा आणि त्यावर पत्र्याच्या पायऱ्या. लोणावळ्याच्या दमट हवेने तो पत्रा खालून पार खाऊन टाकला होता, आईने पाय ठेवला की वाजायचा. वरची खोली आईची. तिथे तिची खाट, तिचं शिलाई मशीन. गल्लीतल्या बायका ब्लाऊज टाकायला वर यायच्या आणि गप्पा मारत बसायच्या. आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, यांचं मत पडलं की वरच्या खोलीला कुलूप लावावं आणि आईची खाट खाली हॉलमध्ये टीव्हीसमोर टाकावी. आई पवनानगरकडची. ते गेल्यावर मला म्हणाली, "हॉलमदी का म्हनून? मी पाव्हणी हाय का हितं?" म्हणून मी लाकडी पायऱ्या करायला घेतल्या.

हो, मीच. इथले सुतार बंगलेवाल्यांच्या कामातून मान वर काढत नाहीत. एकाने तर "ताई, एवढ्याशा कामाला कोण येणार?" म्हणून फोनवर हसून दाखवलं. मग मी एका पाडलेल्या बंगल्याच्या सागवानी फळ्या आणल्या, रंध्याने तासल्या, आईचा पाय अडू नये म्हणून पुढच्या कडा गोल केल्या. गंजका पत्रा उतरवला आणि फळ्या सांगाड्याला बोल्टने आवळल्या. एकेका फळीवर उड्या मारून पाहिल्या. एकही हलेना. आई वर जाऊन खाली आली आणि म्हणाली, "आता वाजत न्हाई गं." मला एवढंच हवं होतं.

रविवारी दाजी जेवायला आले. पोट भरल्यावर जिन्यापाशी उभे राहिले, बोट नाचवत पायऱ्या मोजल्या आणि चेहरा गंभीर करून म्हणाले, "सम आल्या. विषम पाहिजेत. खाली उजवं पाऊल टाकलं तर वरही उजवंच पडायला पाहिजे. बाईमाणसाने हात घातला की हे असं होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पायऱ्या वडिलांच्या काळापासून तेवढ्याच आहेत. पत्रा गंजत होता तोवर कोणी मोजल्या नव्हत्या! हे मी बोललेही. दाजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आम्ही पूजेला बसतो तो पाट आणला आणि जिन्याच्या पायथ्याशी ठेवला. "झाली एक वाढवून!" गुळगुळीत फरशीवर सुटा पाट! ते गेल्यावर मी तो उचलून भिंतीला लावला. दुसऱ्या दिवशी मी कामाला गेले आणि आईने तो परत मांडला. जावयाने सांगितलं होतं ना.

दुपारी वरून उतरताना तिने पाटावर पाय दिला, पाट सरकला आणि तिचं मनगट मोडलं.

दवाखान्यात दाजी म्हणतात, "मी सांगत होतो. सम पायऱ्या!" मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आई जिन्यावरून पडली नाही दाजी, तुमच्या पाटावरून पडली." माझ्याकडे ढुंकूनही न बघता त्यांनी आईलाच विचारलं, "काय आई, त्या पायऱ्यांनीच घात केला ना?"

आई म्हणाली, "व्हय."

संध्याकाळी खाट हॉलमध्ये आली. दाजी घरी गेल्यावर मी आईला धारेवर धरलं. ती शांतपणे म्हणाली, "पाट सरकला, मला कळत न्हाई व्हय? पर जावयाला तोंडावर खोटं पाडायचं? तुज्या ताईला तितं नांदायचंय."

माझा राग काही गेला नाही. अजूनही गेलेला नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं आपण हसत हसत म्हणतो. लेकीचा संसार सुखाचा राहावा म्हणून म्हातारीने आपली खोली सोडायची, आणि ज्याच्यासाठी सोडली त्याला त्याचा पत्ताही नसावा, यात हसण्यासारखं काय आहे?

प्लास्टर कधीच निघालं. आई अजून हॉलमध्येच झोपते. मशीनवर चादर घातली आहे, बायका ब्लाऊज दुसरीकडे टाकतात. पावसाळ्यात भुशी धरण भरून वाहायला लागलं की दाजी सहकुटुंब राहायला येतात. झोपायला वर, आईच्या खोलीत. त्याच पायऱ्या दाणदाण चढून जातात, एकदाही मोजत नाहीत. आणि खालून आई मला विचारते, "जावईबापूंना वर पांघरून दिलंस का गं?"