दोन दिशांचा बाक

माझं अक्षर चांगलं नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर चौथीनंतर शाळा सुटली तेव्हाच सुटले. तेवढं सांभाळून घ्यावं. आमचे हे जाऊन आता दोन महिने होत आले. सकाळी वांगी घेऊन मेहकरच्या बाजारात गेले, पोती उतरवता उतरवता खाली बसले, ते उठलेच नाहीत. फोन आला तेव्हा मी ह्यांच्याच भाकरी थापत होते. लोक विचारतात, शेवटचं काय बोलले? "मिरची संपली काय वं?" एवढंच. म्हणून मी त्या दिवसाकडं जातच नाही. मला आठवतो तो दुसराच दिवस, पोरीच्या विद्यापीठातला...

प्रणालीला, आमच्या मुलीला, तिथं प्रवेश मिळाला होता. ती कागदं घेऊन रांगेत लागली आणि म्हणाली, "बाबा, तुमी दोघं फिरून या, मले येळ लागते." आम्ही निघालो. नुसत्या लाल विटांच्या इमारती, वरून प्लास्टर नाही. मला वाटलं, काम अर्धवट राहिलं असेल. हे हसले. "अवं, मुद्दाम तसंच ठेवलं हाय. पाह्य नं, किती सारखी ईट बसवली." भिंतींना जाळी होती, तिच्यातून ऊन आत येऊन फरशीवर नक्षी पडली होती. एक जिना असा गोल की खालून वर पाहिलं तर शंखात डोकावल्यासारखं वाटावं. मी नक्षी तुडवायची नाही म्हणून कडेकडेनं चालत होते.

ह्यांचं लक्ष मात्र बसायच्या जागांवर होतं. आमच्या घरी सासूबाईंसमोर सुनेनं बाजेवर बसायचं नाही. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, तरी हे बाजेवर आणि मी भिंतीशी खाली. एसटीतसुद्धा मी बायांशेजारी जाऊन बसायची. त्या दिवशी ह्यांनी मनाशी धरलं होतं की एकदा तरी जोडीनं बसायचं. लिंबाभोवती दगडी ओटा होता. तिथं पोरं होती, मी नको म्हटलं. वाचनालयाच्या खिडकीत भिंतीतच बैठक केलेली होती, चांगली ऐसपैस. तेवढ्यात एक मॅडम आल्या आणि मी पदर सावरून पुढं.

"इथं कोन वळखते आपल्याले?" हे म्हणाले. "माही माय काय त्या झाडावर बसली हाय?"

मला हसू आलं, पण पाय काही थांबले नाहीत.

मग एका व्हरांड्यात तो बाक दिसला. सागवानी, नागमोडी वळलेला. दोघं बसले तर एकाचं तोंड उगवतीकडं, दुसऱ्याचं मावळतीकडं, आणि मधे हात टेकायला दोघांत एकच दांडा. असा बाक मी जन्मात पाहिला नव्हता. हे त्याच्याभोवती दोनदा फिरले, दांड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हा तुह्यासाठीच केला वाट्टे. तू तिकडं पाह्य, मी इकडं पाह्यतो. कोन म्हनंन जोडीनं बसले?"

मी बसले. मला समोर चिंचेचं झाड दिसत होतं, ह्यांना काय दिसत होतं ते मी विचारलं नाही. खांद्याला खांदा लागला होता.

"बरं वाट्टे?"

"हाव," मी म्हटलं. तेव्हा मान वळवली असती तर ह्यांचं तोंड किती जवळ असतं... मी चिंचेकडंच पाहत राहिले.

घरी आल्यावर पुन्हा तेच. हे बाजेवर, मी खाली.

परवा संध्याकाळी मी भिंतीशी बसून मेथी निवडत होते. सासूबाई बाजेवरून म्हणाल्या, "काऊन वं खाली बसतं? ये वर."

मी उठले नाही. त्या म्हणाल्या, "पोरीच्या कालेजातून आला तवा तो मले म्हने, आई, तिले वर बसू देत जाय. मी म्हनलं, मी मेल्यावर बसव मंग तुह्याजवळ..."

त्या सरकल्या. मी मेथी बाजूला ठेवली आणि अगदी कडेला टेकले. रोज बसून बसून ह्यांच्या जागी बाजेची सुतळी खोल गेली आहे. मी कडेलाच बसले होते, तरी हळूहळू त्या खळग्यात घसरत गेले.