जगाला ‘या’ म्हणणारे काका

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये जागतिकीकरण सरकारने आणलं असं ज्यांना वाटतं, त्यांना आमच्या वरच्या मजल्यावरचे काका ठाऊक नव्हते. ते काकांनीच आणलं. निदान त्यांचा स्वतःचा तसा ठाम समज होता. परदेशी कंपन्यांना दारं उघडणार ही बातमी कानावर पडताच ते लुंगीवरच नाक्यावर गेले आणि परातभर जिलबी घेऊन आले. शेजारच्या क्वार्टरमधले युनियनवाले तिवारीजी म्हणाले, “क्या बात है, घर में खुशखबरी?” “घर में नहीं तिवारीजी, दुनिया आ रही है! मुँह मीठा कीजिए।” तिवारीजींनी जिलबी खाल्ली आणि दुपारी त्याच दुनियेविरुद्ध गेटवर घोषणा दिल्या. काकांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. “आवाज चांगला लागला त्यांचा आज,” एवढंच म्हणाले.

काका कारखान्यात तपासणी विभागात इंजिनीयर होते आणि घरी आल्यावरही त्यांची तपासणी थांबत नसे. कुठलीही वस्तू हातात आली की ती उलटी करून कुठल्या देशात झाली ते वाचायचं, ही त्यांची सवय. शिवाजी नगरात एका मुंजीत त्यांनी वाटीचा तळ वाचला तेव्हा वाटीत वरण होतं. टाउनशिपमधलं पहिलं कोरियन वॉशिंग मशीन त्यांच्याकडेच आलं. उद्घाटनाला आम्हाला सगळ्यांना बोलावलं, न्हाणीघरासमोर खुर्च्या मांडल्या. पण आमच्या नळाच्या धारेने त्या मशीनचं समाधान होईना. ते नुसतंच टुंईटुंई करत राहिलं. शेवटी काकू पदर खोचून उठल्या, बादल्या ओतू लागल्या आणि म्हणाल्या, “परदेशी सून आणलीत, आता तिच्या हाताखाली मी!” काकू नागपूरच्या. त्यांचा आवाज खाली रस्त्यापर्यंत ऐकू गेला.

संध्याकाळी काका आणि माझे वडील व्हरांड्यात चहा घेत भांडत. वडील विचारत, “अहो, पण यात सगळ्यांचं भलं होणार का? आणि झालं तरी ते टिकणार का?” काका म्हणत, “थोडा दम धरा हो. आधी पुढच्यांचं होईल, मग मागच्यांचं.” “मागचे तोवर उभे राहायला हवेत ना!” यावर काका नवा चहा मागवत.

गोविंदपुऱ्यात शरीफभाईंचं छोटं वर्कशॉप होतं. कारखान्यातल्या नळ्यांना लागणारे पितळी जोड ते आणि त्यांचे कारागीर वर्षानुवर्षं पुरवत होते. काका त्यांना सारखे सांगत, “शरीफभाई, तैयार रहिए, अब दुनियाभर से ऑर्डर आएँगे.” एक दिवस दुनियेकडून ऑर्डर नाही, नमुना आला. तसाच पितळी जोड, परदेशी, स्वस्त. तो तपासायचं काम नेमकं काकांकडे आलं. त्यांनी तो पुन्हापुन्हा तपासला. जोड चांगला होता. शरीफभाईंच्या जोडापेक्षा चांगला होता. काकांनी तसं लिहून दिलं, सही केली आणि कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून स्कूटर काढून थेट वर्कशॉपवर गेले.

शरीफभाई रागावले नाहीत, हेच काकांना जड गेलं. ते फक्त म्हणाले, “साहब, आपने सच लिखा है ना? फिर ठीक है.” दुसऱ्या दिवसापासून काकांची संध्याकाळ बदलली. ड्युटी सुटली की ते गोविंदपुऱ्यात. वडील व्हरांड्यात एकटेच चहा घेऊ लागले. काका शर्टाच्या बाह्या सरसावून भट्टीपाशी उभे राहत, धातूचं मिश्रण बदलून बघत, साचे पुन्हा करवत. घरी येत ते काळ्या हातांनी. काकू कुरकुरल्या नाहीत, डबा तेवढा जास्त भरून देऊ लागल्या. पावसाळा, हिवाळा गेला आणि एका संध्याकाळी काका जिने न चढता आधी आमच्याकडेच शिरले. “जमलं! अगदी त्यांच्या तोडीचा झाला!” वडिलांनी उठून त्यांना मिठी मारली. मग हळूच विचारलं, “आणि किंमत?” काका खुर्चीत बसले. किंमत जमली नव्हती. ती जमणारही नव्हती.

ऑर्डर गेली. शरीफभाई पुढे शहराच्या टोकाला, मिसरोदकडच्या नव्या बंगल्यांची फाटकं बनवू लागले आणि त्यांचं बरं चाललं. कारागीर मात्र पांगले. कुणी एका मोठ्या दुकानाच्या दारात गणवेश घालून उभा राहिला, कुणी गावी परतला. काकांची मुलगी त्याच सुमारास कॉम्प्युटर शिकून परदेशी गेली, चांगली स्थिरावली. तिच्याच मदतीने काकांनी मिसरोदला टुमदार घर घेतलं. वडिलांनी मात्र तो जुना वाद पुन्हा कधीच काढला नाही. जिंकलेला वाद त्यांनी तसाच सोडून दिला.

वडील गेल्यानंतर मी भोपाळला गेले तेव्हा काकांना मिसरोदच्या घरी भेटले. बरेच वाकले होते. चहा घेता घेता मीच विचारलं, “काका, शेवटी झालं का हो सगळ्यांचं भलं?” त्यांनी कप खाली ठेवला. “माझं झालं गं,” म्हणाले. “म्हणून तर मला बोलता येत नाही. तुझे बाबा असते तर बोलले असते.”

मग ते उठून फाटकापाशी गेले. मंडीदीपच्या कारखान्यांच्या बसेस परतायची ती वेळ. एक बस थांबली, डबे हातात घेतलेली माणसं उतरली. काका प्रत्येकाचा चेहरा निरखत होते. “रोज असंच,” काकू आतून म्हणाल्या. “शरीफभाईंच्या कारागिरांतलं कुणी उतरतं का ते बघतात. आत या हो, डास आहेत.” काकांनी हातानेच ‘आलो’ अशी खूण केली आणि पुढच्या बसची वाट बघत तिथेच उभे राहिले.