झोळीची रिक्वायरमेंट

दोन कारखाने एका छताखाली आणले की किस्से शोधावे लागत नाहीत. मशीनखाली चिंध्या साठतात तसे साठतात, झाडले तरी कोपऱ्यात उरतात.

आमचा हजीरा भागातला बॅगांचा कारखाना मालकांनी उचलून खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या पर्सवाल्यांत मिसळला. वर नवे मॅनेजर, तोमर साहेब. त्यांचे दोन नियम. नवी वस्तू शिवण्याआधी तिची रिक्वायरमेंट कागदावर हवी, आणि कागद नामंजूर केला तर खाली साहेब स्वतः कारण लिहिणार. गिऱ्हाइकांशी मी बोलायचे, म्हणून लिहिणं माझ्याकडे आलं. मी सातवी शिकलेली.

त्यात काळजी चिमीची, माझ्या तान्ह्या लेकीची. ती माझ्या मशीनशेजारी झोळीत झोपायची, घरी सांभाळणारं कोणी नाही. आणि आता मुलं आणायला बंदी होणार अशी कुजबुज होती.

*

पहिल्या कागदात मी लिहिलं, ‘शाळेची बॅग. मजबूत आणि सुंदर.’ आमच्या बायकांनी जाड कॅनव्हासची शिवली. पर्सवाल्यांनी साटीनची, वर जरीची किनार.

साहेबांनी दोन्ही टेबलावर ठेवल्या. “ये एक ही बॅग है?”

आमच्या कटिंगवाल्या सुमनकाकू म्हणाल्या, “कागद एकच होता साहेब.”

*

मग मी शहाणी झाले. लिहिलं, ‘पहिलीतलं पोर. बाटली गळली तरी वह्या कोरड्या राहिल्या, तर बॅग झाली म्हणायचं.’

“धागा कौन सा, ये नहीं लिखा?” साहेबांनी विचारलं.

“ते सुमनकाकू ठरवतील. मी पोराचं लिहिलंय.”



*

मीटिंगमध्ये प्रत्येकाला एक कप्पा वाढवून हवा. मोबाइलला, छत्रीला, कोणाला तर देवाच्या फोटोला. मी कागदाच्या शेवटी नवीन रकाना काढला, ‘काय करायचं नाही’. साहेबांना बॅगेला चाकं हवी होती. मी ती तिथे लिहिली.

“ये तो मेरा आइडिया था।”

“म्हणूनच सगळ्यात वर घेतलंय, साहेब.”

*

शेवटी सूचना लागलीच. सोमवारपासून मुलं आणायची नाहीत. काकू म्हणाल्या, “हातापाया पडून बघ.” मी जेवणाच्या सुट्टीत कागद लिहिला.

‘वस्तू: झोळी. कोणासाठी: मशीनवर बसणारी आई. अडचण: बाळ घरी असलं की आईचं लक्ष सुईवर राहत नाही. जागा: मशीनपासून लांब, खिडकीच्या कडीला. झाली कधी म्हणायचं: बाळ झोपलं आणि शिवण सरळ आली. काय करायचं नाही: हातापाया पडणं.’

चिमीची झोळी खिडकीपाशी बांधली, कागद साहेबांना दिला आणि मशीनवर जाऊन बसले.

साहेबांनी दोनदा वाचला. पेन उघडलं. नामंजूर करायचं तर कारण लिहायला हवं. सगळ्या मशीन थांबल्या, माझी सोडून.

“वजह क्या लिखूँ?” ते स्वतःशीच म्हणाले.

तेवढ्यात चिमी उठली आणि तिनं भोकाड पसरलं.

साहेब कागद घेऊन खिडकीपाशी गेले. “इसमें ये नहीं लिखा कि झोली हिलाएगा कौन।”

मी मान वर केली नाही. पायाखालची मशीन चालूच ठेवली.

मागे कडीला दोरी करकरायला लागली.