खिडकीकडचा पाय

दवाखान्यात त्याला सगळे फोटोवाले म्हणत. एक्स-रे हा शब्द पेशंटच्या तोंडी काही टिकत नाही. हाडाचा असला तरी तो फोटोच. पंधरा वर्षं लोकांची हाडं बघून फोटोवाल्याला एक गोष्ट पक्की कळली होती. स्नायू दुखत असला की माणूस तळवा फिरवत "इथं, इथं, सगळीकडंच" म्हणतो. हाडाला चीर गेली असली की एकच बोट ठेवतो आणि गप्प बसतो.

मॅरेथॉन होऊन सोळा दिवस झाले होते, आणि तो स्वतः डाव्या नडगीवर एकच बोट ठेवत होता.

बेचाळीस किलोमीटर पळाल्यावर पायांना महिनाभर आराम द्यायचा, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. पण रविवारी पाच किलोमीटरची छोटी शर्यत होती आणि तिच्यात त्याची ताई पळणार होती. गेल्या वर्षी ताईला हृदयविकाराचा झटका आला. तेव्हापासून ती जिनासुद्धा छातीवर हात ठेवून चढायची. डॉक्टरांनी सावकाश पळायला परवानगी दिली, तिनं महिनोन्‌महिने सराव केला, पण अट एकच.

"तू शेजारी असलास तरच हं. मी कोसळले तर धरायला कोण आहे?"

म्हणून शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं गुपचूप आपलाच फोटो काढायचं ठरवलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय असलं काही करणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. पेशंट नेहमी भिंतीकडे डोकं करून झोपतात, पण तसं झोपलं तर दार डोक्यामागच्या कोपऱ्यात राहतं. डॉक्टर आलेच तर दिसायला हवेत, म्हणून तो भिंतीकडे पाय करून उलटा झोपला. डोळे दाराच्या काचेवर.

त्या खोलीत डावं-उजवं कोणी म्हणत नसे. झोपलेल्याचं डावं वेगळं, उभ्या माणसाचं वेगळं. त्यात एकदा मोठा घोटाळा होता होता राहिला होता. तेव्हापासून तो आणि त्याचा कामावरचा जोडीदार खिडकीकडचा पाय आणि दाराकडचा पाय असंच बोलत. डावा तो खिडकीकडचा. वर्षानुवर्षं जीभ त्यालाच सरावलेली.

"कुठला?" जोडीदारानं विचारलं.

"खिडकीकडचा. आटप लवकर, बाबा."

पडद्यावर हाड आलं ते कसं लख्ख, गुळगुळीत. "काही नाही रे, उगाच जिवाला घोर लावून घेतोस," जोडीदार म्हणाला. बारीक चीर सुरुवातीचे काही दिवस फोटोत दिसेलच असं नाही, हे फोटोवाला शंभर जणांना सांगत आला होता. स्वतःला मात्र त्यानं ते सांगितलं नाही. त्यानं ताईला फोन लावला. "फोटो स्वच्छ आहे. येतोय मी."

रविवारी सकाळी ताई त्याच्या शेजारी उभी राहिली तेव्हा तिच्या ओठांना रंग नव्हता. बंदुकीचा बार झाला आणि ती दचकून त्याच्या बाहीला चिकटली. मग दोघं हळूहळू निघाली. उजव्या हाताला कालव्याचं लोखंडी कुंपण, डाव्या हाताला बंद दुकानं. पहिल्या किलोमीटरला नडगी कुरकुरली. दुसऱ्याला ती बोंबलायला लागली. तो मनात घोकत राहिला: फोटो स्वच्छ आहे, फोटो स्वच्छ आहे. ताईचा श्वास त्याच्या कानाशी चालू होता आणि तो तिच्या छातीकडे बघत होता, तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, आपल्या पायाकडे तेवढं बघायचं टाळत होता.

अडीच किलोमीटरवर एक पिवळं पिंप ठेवलं होतं. त्याला वळसा घालून आल्या वाटेनंच परतायचं. वळसा घातला, वीसेक पावलं टाकली आणि त्याचं लक्ष कुंपणाकडे गेलं. मघाशी उजवीकडे होतं, आता डावीकडे. कुंपण होतं तिथंच होतं, फिरला होता तो.

आणि त्याला आठवलं. शुक्रवारी तो उलटा झोपला होता. उलट्या माणसाचा खिडकीकडचा पाय उजवा.

तो लख्ख, गुळगुळीत फोटो चांगल्या पायाचा होता. दुखऱ्या पायाचा फोटो कोणी काढलाच नव्हता, आणि त्याच पायावर तो उड्या घेत होता. असं हाड पुढं कसं दोन तुकडे होऊन येतं, ते त्यानं टेबलावर पाहिलं होतं. ते ओरडणंही ऐकलं होतं. थांबावं तर ताई एकटी, न थांबावं तर पुढचं पाऊल शेवटचं असेल. तशीच आणखी चाळीस-पन्नास पावलं त्यानं जीव मुठीत धरून टाकली. मग नडगीत काहीतरी कट्‌ असं बारीक वाजलं आणि त्यानं लंगडत जाऊन कुंपण पकडलं.

"थांब ताई! फोटो चुकीच्या पायाचा काढला गं. हा मोडेल आता."

ताई थांबली. धापा टाकत त्याच्याकडे बघत राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तू लंगडतोयस ते. पहिल्या किलोमीटरपासून बघतेय. विचारलं असतं तर तू थांबला असतास, आणि मग मी एकटी पडले असते. म्हणून नाही विचारलं."

त्याला संताप यायला हवा होता. आला नाही, त्यानंही कुठं स्वतःला विचारलं होतं? ताईनं खांदा पुढं केला. "टाक माझ्यावर भार." त्यानं तिच्या वरखाली होणाऱ्या छातीकडे पाहिलं आणि कुंपण सोडलं नाही. मागून येणाऱ्या एका बाईनं गाडीसाठी फोन केला.

"घाबरलायस?" ताईनं विचारलं. वर्षभर हा प्रश्न तोच तिला विचारत आला होता.

"हो," तो म्हणाला. "खूप."

"मीपण." ती त्याच्या पायाशी खाली बसली, आणि गाडी येईपर्यंत दोघांपैकी कोणाचीही हलायची हिंमत झाली नाही.